कल्पवृक्षाखालचा वटवट्या

माडाला आपण कल्पवृक्ष म्हणतो. पाणी, खोबरे, तेल, काथ्या, झावळ्या. टाकून द्यावे असे त्यात काहीच नाही. पण हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर याच झाडाच्या लागवडीने एक चिमुकला गाणारा पक्षी जवळजवळ संपवला होता. दोष माडाचा नव्हता. माडाशिवाय दुसरे काही उभे राहू न देणाऱ्या हिशेबाचा होता.

हा पक्षी म्हणजे सेशेल्सचा वटवट्या. वजन जेमतेम पंधरा ग्रॅम, रंग मळकट तपकिरी. दिसायला साधा, पण गळा गोड. माणसाने शीळ घालावी तसा त्याचा स्वर. हिवाळ्यात आपल्या झुडपांतून ‘चक् चक्’ करत फिरणारा बोरू वटवट्या त्याच्याच गोतातला. तो हजारो किलोमीटर उडून आपल्याकडे येतो. हा मात्र आपले बेट सहसा सोडत नाही. पानांच्या पाठीवरचे किडे टिपावेत आणि एका वेळी बहुधा एकच अंडे घालावे, एवढाच त्याचा संसार. १८७७ साली फ्रेंच शास्त्रज्ञ एमिल उस्ताले यांनी त्याला शास्त्रीय नाव दिले.

सेशेल्समध्ये पहिली वस्ती झाली १७७० साली, फ्रेंचांची. १८१४ च्या पॅरिस तहाने बेटे इंग्रजांकडे गेली. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, तसे मळेवाल्यांना मजूर पुरेनात. कापसासारखी कष्टाची पिके मागे पडली आणि थोड्या हातांत भागणारा माड पुढे आला. मूळचे रान तोडून बेटामागून बेट माडांनी भरले. माणसाबरोबर उंदीर आणि मांजरे आली. मारियान बेटावरचा वटवट्या नाहीसा झाला. उरला तो फक्त कूझँ नावाच्या, तीस हेक्टरांहूनही लहान बेटावर. तिथेही माडच होते, पण उंदीर पोहोचले नव्हते आणि पाणथळीच्या कडेला थोडी जुनी झाडी तगून होती. त्या झाडीच्या आधाराने एक अख्खी जात जगत होती. १९६८ मध्ये पक्षी उरले होते तीसच्या आत.

त्याच वर्षी पक्षीरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने, म्हणजे आजच्या बर्डलाइफ इंटरनॅशनलने, ते बेट विकत घेतले. पुढे जे झाले त्यात चमत्कार काही नव्हता. पक्षी पिंजऱ्यात आणले नाहीत. माडांची रोपे काढत गेले आणि पिसोनियासारख्या मूळच्या झाडांना वाढू दिले. रान परतले, किडे परतले, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पक्ष्यांची संख्या तीनशेच्या वर गेली.

मग वेगळीच अडचण आली: बेट भरले. जागा नाही म्हणून तरुण पक्षी आईबापांजवळच राहून धाकट्या भावंडांना भरवू लागले. १९८८ मध्ये यान कॉम्डर या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २९ पक्षी आरीद बेटावर नेले. कूझँवर रिकाम्या झालेल्या जागा अशा तरुण पक्ष्यांनी काही तासांतच धरल्या. संसार मांडायची इच्छा होती, जागा नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. पुढे १९९० मध्ये कूझीन, २००४ मध्ये देनी आणि २०११ मध्ये फ्रेगात बेटावरही पक्षी नेण्यात आले. आज ही जात पाच बेटांवर आहे, आणि पक्ष्यांची संख्या हजारांत मोजावी लागते.

ही गोष्ट आनंदाची आहे, पण पुरी भरपाईची नाही. आजचे सगळे वटवटे त्या मूठभर पक्ष्यांचे वंशज आहेत. संग्रहालयांत जपलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या नमुन्यांशी ताडून पाहिल्यावर दिसले, की वंशातली पूर्वीची विविधता पुष्कळशी गेलेली आहे. संख्या परत आणता येते. गेलेली विविधता येत नाही.

माड लावणाऱ्यांच्या मनात पक्ष्याविषयी वैर होते असे नाही. खोबऱ्याच्या हिशेबात त्याला रकानाच नव्हता. बहुतेक जाती अशाच जातात, कुणाच्या रागामुळे नव्हे. म्हणून इतिहास वाचताना काय लावले गेले याच्याबरोबर त्यासाठी काय तोडले गेले, हेही विचारायला हवे. कूझँवर पाणथळीच्या कडेची ती झाडी कुणी तोडली नाही, म्हणून ही शीळ आज ऐकू येते.