हिममानवाचे बारसे

रीत अशी, की आधी मूल जन्मते आणि मग त्याचे बारसे होते. हिमालयातल्या हिममानवाच्या बाबतीत मात्र सारेच उलटे घडले. त्याचे बारसे थाटात झाले, तेही कलकत्त्याच्या एका वर्तमानपत्रात. आणि पुढे कित्येक वर्षे लोक पाळण्यात डोकावून मूल शोधीत राहिले!

१९२१ साली कर्नल हॉवर्ड-बरी यांच्या नेतृत्वाखाली एव्हरेस्टच्या पाहणीची पहिली मोहीम निघाली. २२,००० फुटांहून उंच असलेल्या ल्हाक्पा-ला खिंडीजवळ बर्फात पावले उमटलेली आढळली. ती लांडग्याची असावीत, असा कर्नलसाहेबांचा कयास. हमाल मात्र म्हणाले, ‘मेतो-कांगमी’. मोहीम परतल्यावर ‘स्टेट्समन’चे पत्रकार हेन्री न्यूमन यांनी त्या हमालांना गाठले. ‘कांगमी’ म्हणजे बर्फातला माणूस, हे ठीकच होते. पण ‘मेतो’चा अर्थ त्यांनी ‘ओंगळ’ असा लावला. झाले! ‘किळसवाणा हिममानव’ हां हां म्हणता जगभर पोहोचला. जाणकार सांगतात, की त्या शब्दाचा अर्थ ‘माणूस-अस्वल’ असा काहीसा आहे. साहेबांनी त्यातला माणूस तेवढा उचलला आणि अस्वल तिथेच सोडून दिले.

आपणही कमी केले नाही. शेर्पांच्या ‘येती’चा आपण ‘यती’ केला आणि बिचाऱ्याला संन्यासाची दीक्षा देऊन टाकली!

१९५१ साली एरिक शिप्टन यांनी मेनलुंग हिमनदीवरच्या एका पावलाचे छायाचित्र घेतले. शेजारी मापासाठी बर्फाची कुऱ्हाड ठेवलेली. मग शोधमोहिमांची रीघ लागली. १९५९ सालच्या एका अमेरिकी सरकारी टिपणात नेपाळचे नियमच नमूद आहेत : शोधाच्या परवान्याला ५,००० भारतीय रुपये, येतीचे छायाचित्र घ्यावे, जिवंत धरावा, पण स्वसंरक्षणावाचून मारू नये. न सापडलेल्या प्राण्याला कायद्याचे असे अभयदान क्वचितच मिळाले असेल.

१९६० साली एडमंड हिलरी शोधाला निघाले. खुमजुंग गावाने ‘येतीच्या डोक्याचे कातडे’ म्हणून जपलेली टोपीसारखी वस्तू त्यांनी मागितली. गावकऱ्यांनी ती मुदतीने दिली आणि राखणीला आपला खुंजो चुंबी सोबत पाठवला. शिकागो, पॅरिस, लंडन अशी तिची यात्रा झाली. निष्कर्ष निघाला, की ते सेरो नावाच्या बोकडासारख्या डोंगरी जनावराच्या कातड्याला दिलेले घाट आहे. पण १९६१ साली हिलरींनी त्याच खुमजुंगमध्ये शाळा बांधली. येतीच्या शोधाला निघालेल्या माणसाच्या हातून गावात पाटी-पुस्तक आले, याहून मोठा शोध मास्तरकीच्या पेशातल्या मला तरी ठाऊक नाही.

२०१७ साली येतीचे म्हणून जपलेले केस, हाडे, कातडे अशा नऊ नमुन्यांची आनुवंशिक तपासणी प्रसिद्ध झाली. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा! बर्फातल्या प्रचंड पावलांचे कोडेही तसे अवघड नाही. चालताना अस्वलाचे मागचे पाऊल पुढच्या पावलाच्या ठशावर पडते. उन्हाने कडा वितळतात, ठसा रुंदावतो. आणि अस्वल दोन पायांवर उभे राहिले, की अंधूक उजेडात कुणालाही केसाळ माणूसच दिसावा.

वर्गात हे सांगितले, की मुले हिरमुसतात. ‘म्हणजे येती नाहीच का, सर?’ मी म्हणतो, आहे की! ज्या गुराख्याच्या याकावर रात्री झडप पडली, त्याची भीती खोटी कशी? त्याने आपल्या भीतीला नाव देताना त्यात अस्वल ठेवले होते. ऐकणाऱ्यांना हवा होता माणसाचा हरवलेला भाऊबंद. त्यांनी तोच ऐकला.

दुःख एवढेच, की ज्याचा पत्ता नाही त्याच्यासाठी मोहिमा निघाल्या, पैसा ओतला गेला. आणि हिमालयातले खरेखुरे तपकिरी अस्वल आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर उभे आहे. उद्या तेही गेले, तर बर्फात पाऊल उमटायचे कुणाचे? मग उरेल ते नुसते बारशाचे नाव.