शब्दकोडं, सांकेतिक चौकट आणि यंत्राची मदत

आजचा विषय वरवर पाहिला तर फावल्या वेळेतला आहे: शब्दकोडं. त्यातही इंग्रजीतलं गूढ, म्हणजे क्रिप्टिक शब्दकोडं. आणि त्यातही असं, की ज्याची काही उत्तरं सांकेतिक रूपात बदलून चौकटीत भरावी लागतात. प्रश्न असा आहे, की हे सोडवताना यंत्राची, म्हणजे आज इंटरनेटची, मदत घेतली तर ‘कोडं मी सोडवलं’ असं म्हणता येईल का? प्रश्न आजचा वाटतो, पण इतिहासात त्याची किंमत माणसांनी जिवानिशी मोजलेली आहे.

सुरुवात भरभर सांगतो. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात आर्थर विन यांचं पहिलं शब्दकोडं छापून आलं. ते साधं होतं, अर्थ दिला की शब्द शोधायचा. इंग्लंडमध्ये गेल्यावर त्याला वाकडं वळण लागलं. १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये ‘टॉर्केमाडा’ या नावाने कोडी येऊ लागली. स्पेनमधल्या धर्मन्यायालयाच्या छळवादी प्रमुखाचं हे नाव. ते घेणारे गृहस्थ होते एडवर्ड पॉइस मॅथर्स. गंमत बघा, याच मॅथर्सनी बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिके’चं इंग्रजी रूपांतर केलं होतं. संस्कृत कवीच्या शब्दांशी खेळलेला माणूस इंग्रजी कोड्याचा जनक व्हावा, हे मला फार आवडतं. पुढे १९३० मध्ये ‘लिसनर’ साप्ताहिकाचं कोडं सुरू झालं. ते आजही ‘टाइम्स’मध्ये चालू आहे आणि अवघड कोड्यांमध्ये त्याचा मान मोठा. या कोड्यात जी सांकेतिक पद्धत पुन्हा पुन्हा येते, ती म्हणजे प्लेफेअर.

आता इथे जरा थांबू. ही पद्धत चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८५४ मध्ये शोधली. त्यांचे मित्र लॉर्ड प्लेफेअर यांनी तिचा इतका प्रचार केला, की नाव त्यांचंच लागलं. असं सांगतात, की परराष्ट्र खात्याला ती फार किचकट वाटली. व्हीटस्टन म्हणाले, जवळच्या शाळेतल्या चारपैकी तीन मुलांना मी पंधरा मिनिटांत शिकवतो. त्यावर अधिकारी म्हणाला, मुलांना शिकवाल हो, आमच्या वकिलातीतल्या साहेबांना शिकवता येणार नाही!

तर पद्धत अशी. पाच गुणिले पाच, पंचवीस खणांची चौकट काढायची. इंग्रजी अक्षरं सव्वीस, म्हणून आय आणि जे एकाच खणात. आधी एक गुप्त शब्द लिहायचा, समजा ‘मोनार्की’. मग उरलेली अक्षरं क्रमाने. आता संदेशातली अक्षरं दोन-दोनच्या जोडीने घ्यायची. जोडी चौकटीत आयताचे दोन कोपरे बनवते. उरलेले दोन कोपरे म्हणजे तिचं सांकेतिक रूप. ‘मोनार्की’च्या चौकटीत एच-एस या जोडीचं होतं बी-पी. दोन्ही अक्षरं एकाच ओळीत असली तर उजवीकडची घ्यायची, एकाच स्तंभात असली तर खालची. बस, इतकंच. (मराठीत एका घरात मात्रेसकट आख्खं अक्षर बसतं, त्यामुळे आपली भाषा या पंचवीस खणांत मावायची नाही.)

कोड्यात काय होतं? काही उत्तरं अशी सांकेतिक करून भरायची असतात, पण गुप्त शब्द आपल्याला सांगितलेला नसतो. आडवं उत्तर सूचनेवरून कळलं. त्याला छेदणाऱ्या उभ्या उत्तरांतून त्याची सांकेतिक अक्षरं मिळाली. म्हणजे मूळ शब्दही हातात आणि त्याचं बदललेलं रूपही. या दोन टोकांवरून मधली चौकट उभी करायची. दोन गोष्टी मदतीला येतात. जोडी उलटली की उत्तरही उलटतं: एस-एच चं पी-बी. आणि दुसरी, फार महत्त्वाची: प्लेफेअरमध्ये कुठलंही अक्षर स्वतःच्याच जागी कधी येत नाही.

हे लक्षात ठेवा, कारण जर्मनांच्या एनिग्मा यंत्रातही नेमका हाच दोष होता.

आता ब्लेचली पार्क. गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. ‘डेली टेलिग्राफ’चं कोडं बारा मिनिटांत सोडवून दाखवा, असं आव्हान दिलं गेलं आणि वृत्तपत्राच्या कचेरीत स्पर्धा झाली. पाच जणांनी वेळेत पुरं केलं, त्यातल्या सर्वांत वेगवान माणसाचं एक स्पेलिंग चुकलं. ते कोडं १३ जानेवारी १९४२ च्या अंकात छापलं गेलं. पुढे स्पर्धकांपैकी काहींना पत्रं आली आणि स्टॅन्ली सेजविक यांच्यासारखे लोक ब्लेचलीत दाखल झाले.

पण यावरून ‘शब्दकोडं सोडवणाऱ्यांनी एनिग्मा फोडलं’ असं म्हणणं चूक आहे. एनिग्मा पहिल्यांदा फोडलं पोलंडच्या मारियान रेयेव्स्की यांनी, १९३२ मध्ये, गणिताने. ब्लेचलीत ट्युरिंग आणि वेल्शमन यांच्या रचनेची ‘बॉम्ब’ नावाची यंत्रं होती, युद्धाच्या अखेरीस दोनशेच्या वर. ती चालवायला बहुतांशी नौदलातल्या तरुण स्त्रिया होत्या. एनिग्माच्या जुळण्या किती? सुमारे १५९ वर अठरा शून्यं. माणसाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हतीच.

मग माणूस कुठे होता? सुरुवातीला होता. यंत्राला आधी एक अंदाज द्यावा लागे: या संदेशात अमुक शब्द असणार, बहुधा ‘हवामान’. तो शब्द संदेशाखाली सरकवत न्यायचा, आणि जिथे एखादं अक्षर स्वतःवरच येईल ती जागा बाद करायची. या अंदाजाला तिथे ‘क्रिब’ म्हणत. अर्धी भरलेली ओळ बघून शब्द ओळखणं, ते हेच.

आणि अंदाज तरी कुठून येणार? फेब्रुवारी १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी यंत्रात चौथं चक्र घातलं आणि ब्लेचलीला अटलांटिकवरचे त्यांचे संदेश दिसेनासे झाले. जहाजं बुडत होती. ३० ऑक्टोबर १९४२ रोजी भूमध्य समुद्रात यू-५५९ ही पाणबुडी बुडत असताना टोनी फॅसन आणि कॉलिन ग्रेझियर आत उतरले. त्यांनी हवामानाची संकेतपुस्तिका वर पोहोचवली, आणि ते दोघे पाणबुडीबरोबर बुडाले. त्या पुस्तिकेमुळे क्रिब मिळाले, आणि डिसेंबरमध्ये संदेश पुन्हा वाचता येऊ लागले. ‘बाहेरची मदत घेतली, म्हणजे खरं सोडवलं नाही’, असं या दोघांना कोण म्हणेल?

तेव्हा आपल्या प्रश्नाकडे येऊ. सोडवण्याची तीन कामं आहेत: अंदाज करणं, शक्यता चाळणं आणि उत्तर पटवून घेणं. यंत्र मधलं काम करतं. ‘बॉम्ब’ थांबलं, की ती जुळणी खरी की खोटी हे माणूस तपासत असे. आज संकेतस्थळावर रिकाम्या जागांसकट शब्द टाकला, की यादी येते. पण सूचनेतला श्लेष कुठल्या शब्दाला लागतो, ते आपणच ठरवतो. कोश उघडणं पूर्वीही निषिद्ध नव्हतं. ‘लिसनर’वाले ‘चेंबर्स’ कोश हाताशी घेऊनच बसतात.

माझं सांगणं एवढंच: प्लेफेअरच्या पहिल्या चार-पाच जोड्या पेन्सिलीने मांडा. चौकटीचा आकार दिसू लागला, की मग खुशाल यंत्राला चाळू द्या. शेवटी गुप्त शब्द समोर आला, की तोच का, हे स्वतःला समजावून सांगता आलं पाहिजे. ते सांगता आलं, तर कोडं तुम्हीच सोडवलं. नाही सांगता आलं, तर उत्तर मिळालं, कोडं तसंच राहिलं.

आता प्रश्न घेऊ या.