‘पडून राहा’पासून ‘उठा, चाला’पर्यंत

संपादक मंडळाचा निरोप आला : ‘तू डॉक्टर आहेस, तेव्हा आरोग्यावर काहीतरी लिही. पण पथ्यांची यादी नको.’ शाळेत सनावळ्या पाठ करताना मला घाम फुटायचा, हे गुरुजनांना आठवत असेलच. तरीही इतिहासच लिहायचे ठरवले. हृदयविकाराच्या झटक्याचा इतिहास. आपली १९७८ची तुकडी साठी ओलांडून पुढे गेली आहे. हल्ली भेटलो की नातवंडांच्या फोटोंनंतर दुसरा विषय निघतो तो कुणाला किती स्टेंट बसले याचा. म्हणजे हा इतिहास आता आपलाच झाला आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक डॉक्टरांचा असा समज होता की, हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी अचानक बंद झाली तर माणूस जागीच मरतो. त्यामुळे निदान व्हायचे ते शवविच्छेदनाच्या टेबलावर. १९१०मध्ये कीव्हच्या ओब्राझ्त्सॉव्ह आणि स्त्राझेस्को या दोघांनी जिवंत रुग्णांमधील या आजाराचे वर्णन केले. १९१२मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी आपल्या निबंधात स्पष्ट म्हटले की, वाहिनी अशी बंद होऊनही माणूस तासन्‌तास, दिवसेंदिवस जगू शकतो, बराही होऊ शकतो. आज हे वाक्य साधे वाटते. त्या वेळी त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही, कारण पुरावा दाखवायला साधन नव्हते.

ते साधन हॉलंडमध्ये तयार होत होते. आपल्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटातला गॅल्व्हानोमीटर आठवतो? विजेच्या प्रवाहाने ज्याचा काटा हलायचा आणि ज्याला हात लावायची परवानगी फक्त सरांना होती, तोच. लायडनच्या विलेम आइंटहोव्हेन यांनी अतिशय बारीक तार वापरून त्याची एक नाजूक आवृत्ती बनवली आणि हृदयातली वीज मोजली. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो, आणि ते चालवायला पाच माणसे. रुग्णाने दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचे. पी, क्यू, आर, एस, टी ही ईसीजीवरच्या उंचवट्यांची नावेही त्यांचीच. १९२४मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी १९२०मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरॉल्ड पार्डी यांनी झटका आलेल्या रुग्णाच्या ईसीजीत रेषा कशी वर उचलली जाते ते दाखवले होते. हेरिक यांचे म्हणणे आता कागदाच्या पट्टीवर उमटू लागले.

निदान जमले, पण उपचार काय? एकच : पडून राहा. १९३९मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी मृत रुग्णांची हृदये तपासून सांगितले की, मेलेल्या स्नायूच्या जागी घट्ट व्रण तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. त्यावरून हिशेब झाला की, मोडलेल्या हाडाला जसे प्लास्टर, तशी हृदयाला विश्रांती. सहा आठवडे अंथरूण. स्वतःच्या हाताने जेवायचे नाही, दाढी करायची नाही, कूस बदलायची तरी परिचारिकेने. आपल्या लहानपणी कुणाच्या आजोबांना ‘अ‍ॅटॅक’ आला की घरात चप्पल न वाजवता चालायचे, रेडिओ बंद ठेवायचा, आणि आजोबा महिनोन्‌महिने खोलीत. ते सगळे या हिशेबातून आले होते.

हिशेब चुकीचा होता. पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होत आणि त्यातली एखादी फुप्फुसात जाऊन रुग्ण दगावत असे. न्यूमोनिया व्हायचा, पाठीला जखमा व्हायच्या, मन खचायचे. बॉस्टनच्या सॅम्युएल लेव्हिन यांनी आणखी एक मुद्दा मांडला. माणूस आडवा झाला की पायांकडचे रक्त हृदयाकडे जास्त येते, म्हणजे त्याचे काम उलट वाढते. त्यांनी आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाऊन यांनी रुग्णांना लवकर आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली. रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरांना हा रुग्णाच्या जिवाशी खेळ वाटला आणि त्यांनी कडाडून विरोध केला. १९५२मध्ये ८१ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला. खुर्चीमुळे धोका वाढल्याचे दिसले नाही, आणि माणसे टवटवीत राहिली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे आजच्या कसोटीवर हा पुरावा कच्चाच. पण एक खिडकी उघडली.

ती जगाला दिसली १९५५च्या सप्टेंबरमध्ये. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हरमध्ये रात्री छातीत दुखू लागले. सुरुवातीला जाहीर झाले ते ‘पचन बिघडले’ असे. ईसीजी निघाला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. अध्यक्षांच्याही बाबतीत पहिला संशय पोटावरच गेला, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे. हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी त्यांना टप्प्याटप्प्याने खुर्चीत बसवले, मग चालवले, आणि कामावर परत जाता येईल असे सांगितले. १९५६मध्ये आयझेनहॉवर पुन्हा निवडून आले. गंमत म्हणजे १९३९च्या त्या व्रणांच्या अभ्यासात हेच व्हाइट सहभागी होते. आपल्याच निष्कर्षातून निघालेली रूढी मागे टाकायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

त्याच सुमारास लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांची नोंद तपासली. मुंबईत बेस्टच्या दुमजली बसने फिरलेल्यांना चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल : चालक दिवसभर बसलेला, वाहक दिवसभर जिना चढतो-उतरतो. १९५३च्या त्यांच्या निबंधानुसार वाहकांना हृदयविकार चालकांपेक्षा कमी होत होता, आणि झाला तरी लवकर मृत्यू येण्याचे प्रमाण कमी होते. हालचाल हृदयाची शत्रू नसावी, ही शंका इथे बळावली.

पुढचे दशक यंत्रांचे. १९६०मध्ये बाल्टिमोरला छाती दाबून हृदय चालू ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. १९६१मध्ये डेस्मंड ज्युलियन यांनी सुचवले की, झटक्याचे रुग्ण एकाच कक्षात, सतत ईसीजीच्या पडद्यावर नजर ठेवून, प्रशिक्षित परिचारिकांच्या हाती ठेवावेत. आजचा आयसीसीयू तो हाच. रुग्णालयात पोचलेल्यांपैकी पूर्वी जवळपास ३० टक्के दगावत, ते प्रमाण निम्म्याच्या आसपास आले. पण अनेक जण रुग्णालयात पोचतच नव्हते. म्हणून १९६६मध्ये बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनी शॉक देण्याचे यंत्रच रुग्णवाहिकेत चढवले आणि डॉक्टरला रुग्णाच्या दारात पाठवले.

तरी मूळ प्रश्न तसाच होता. वाहिनीतली गुठळी झटक्याचे कारण आहे की त्याचा परिणाम? वाद बरीच वर्षे चालला. १९८०मध्ये अमेरिकेतल्या स्पोकेन शहरातील डीवुड आणि सहकाऱ्यांनी झटका चालू असतानाच अँजिओग्राफी केली. पहिल्या चार तासांत तपासलेल्या १२६ रुग्णांपैकी ११० जणांची वाहिनी पूर्ण बंद सापडली. मग गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज, जे १९३०च्या दशकापासून माहीत होते, ते मोठ्या प्रमाणावर तपासायचे ठरले. इटलीतील ‘गिसी’ चाचणीत (१९८६) ११,७१२ रुग्ण होते. औषध न दिलेल्यांपैकी १३ टक्के दगावले, दिलेल्यांपैकी १०.७ टक्के. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत फायदा सर्वांत मोठा होता.

१९८८ची ‘आयसिस-२’ चाचणी त्याहून मोठी, १७,१८७ रुग्णांची. स्ट्रेप्टोकायनेज आणि रोज एक ॲस्पिरिन, दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांतले मृत्यू ८ टक्के. दोन्ही न मिळालेल्यांत १३.२ टक्के. डोकेदुखीची, काही पैशांना मिळणारी गोळी जीव वाचवते हे त्यातून सिद्ध झाले. मी तेव्हा मुंबईत निवासी डॉक्टर होतो. रात्री चिठ्ठी घेऊन स्ट्रेप्टोकायनेज शोधायला धावणारे नातेवाईक मला अजून आठवतात. ते इंजेक्शन गरिबाला परवडणारे नव्हते. ॲस्पिरिन मात्र आम्ही प्रत्येकाला लगेच चघळायला देऊ लागलो.

या चाचणीतली एक गोष्ट आपल्याकडे विशेष रंगेल. आकड्यांचे नको तितके तुकडे पाडून पाहू नयेत, हे पटवण्यासाठी संशोधकांनी मुद्दाम रुग्णांची राशीनुसार विभागणी केली. निष्कर्ष निघाला की मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनचा उपयोग होत नाही! अर्थातच तो योगायोग होता. तेव्हा आपल्यातल्या मिथुन आणि तूळवाल्यांनी गोळी बंद करू नये.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. झटक्यानंतर हृदयाचे जादा ठोके पडणाऱ्यांना ते दाबणाऱ्या गोळ्या सर्रास दिल्या जात. ठोके दबले की जीव वाचणार, यात शंका घेण्यासारखे काय होते? १९८९मध्ये ‘कास्ट’ चाचणीने त्यांपैकी दोन गोळ्यांची तुलना औषध नसलेल्या तशाच दिसणाऱ्या गोळीशी केली. खरे औषध घेणाऱ्यांत मृत्यू दुपटीहून अधिक निघाले आणि तो भाग मध्येच थांबवावा लागला. सहा आठवड्यांचे अंथरूण आणि या गोळ्या, दोन्ही तर्काला पटणारे उपचार होते. माणसे मोजल्यावरच खरे काय ते कळले.

बंद वाहिनी फुग्याने उघडण्याची अँजिओप्लास्टी आंद्रेआस ग्रुंत्सिग यांनी १९७७मध्ये झुरिचला प्रथम केली. १९९३मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी दाखवले की, ती वेळेत झाली तर प्रत्यक्ष झटक्यातही विरघळवणाऱ्या औषधापेक्षा सरस ठरते. यातला ‘वेळेत’ हा शब्द महत्त्वाचा. वाहिनी बंद झाल्यावर साधारण अर्ध्या तासात स्नायू मरायला लागतो आणि बहुतेक नुकसान पहिल्या काही तासांत होऊन जाते.

आता आपल्याकडे वळू. ५० भारतीय शहरांतल्या २०,४६८ रुग्णांची ‘क्रिएट’ नोंदणी २००८मध्ये प्रसिद्ध झाली. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यम वेळ निघाला ३६० मिनिटे. म्हणजे निम्म्या लोकांना सहा तासांहून अधिक लागले. रुग्णालयात आल्यावर औषध सुरू व्हायला लागला तो ५० मिनिटांचा मध्यम वेळ. आणि दक्षिण आशियात पहिला झटका येण्याचे सरासरी वय ५३, इतर देशांत ते जवळपास ५९.

या सहा तासांत काय होते, ते आपल्याला ठाऊक आहे. आपल्या वर्गातला, शेवटच्या बाकावर बसून सगळ्यांना हसवणारा मित्र एकोणपन्नासाव्या वर्षी गेला. रात्री अकराला छातीत जडपणा आणि घाम. घरात सोडा घेतला, अ‍ॅसिडिटीची गोळी घेतली, ‘एवढ्या रात्री कुणाला उठवायचे’ म्हणून सकाळची वाट पाहिली. सकाळी त्याला आणले तेव्हा करण्यासारखे फार उरले नव्हते. चाचण्या झाल्या होत्या, औषध तालुक्याला होते, रस्ता वीस मिनिटांचा होता.

उपाय आहेत. तमिळनाडूत छोटी रुग्णालये मोठ्यांशी जोडून, ईसीजी तिथल्या तिथे काढून पुढे पाठवण्याची व्यवस्था उभारली. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार अशा झटक्याच्या रुग्णांतील वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. आपल्याकडे १०८ची रुग्णवाहिका आहे. पण फोन उचलण्याचे काम घरातल्या माणसाचेच. छाती, जबडा, हात, पाठ किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे वा दडपण, घाम, धाप : पंधरा-वीस मिनिटांत थांबले नाही तर निघायचे. बायकांना कधी नुसती धाप आणि विलक्षण थकवा जाणवतो. मैत्रिणींनो, ‘पाहुणे जाऊ देत, मग बघू’ असे म्हणू नका.

आणि ज्यांना झटका येऊन गेला आहे, त्यांच्यासाठी इतिहासाचा शेवटचा धडा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने व्यायाम केला तर हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पुन्हा भरती होण्याची वेळ कमी होते, हे अनेक चाचण्या एकत्र तपासून दिसले आहे. भारतात २४ रुग्णालयांत, जवळपास ४,००० रुग्णांवर योगावर आधारलेल्या पुनर्वसनाची चाचणी झाली. निष्कर्ष २०२०मध्ये आले. मृत्यू किंवा पुन्हा झटका यांत नक्की म्हणावा असा फरक दिसला नाही. पण रुग्णांना बरे वाटू लागले आणि ते आधीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. शेतात, दुकानात, नातवाला शाळेत सोडायला पुन्हा जाता येणे ही लहान गोष्ट नाही.

स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला शाळेच्या मैदानावर जमायचे आणि टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालत जायचे, असे मी संयोजकांना सुचवले आहे. स्टेंटवाल्यांनी आपापल्या डॉक्टरांना विचारून यावे आणि गोळ्या खिशात ठेवाव्यात. पी.टी.च्या सरांनी शिट्टी आणायचे कबूल केले आहे. मागे राहणाऱ्यांना या वेळी शिक्षा नाही.