डॅशबोर्डवरचा लुकलुकणारा दिवा

मोटारीत बसले की समोर जी फळी दिसते, जीवर वेगाचा काटा आणि लहान दिवे असतात, तिला आपण ‘डॅशबोर्ड’ म्हणतो. हा शब्द मोटारीहून जुना आहे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून बग्गीच्या पुढच्या बाजूस लाकडाची वा चामड्याची आडफळी लावीत, तो डॅशबोर्ड. घोडा गेला, फळी राहिली; तिच्यावर दिवे आले ते मागाहून.

पहिल्या मोटारींना विजेचे दिवे कुठून असणार? घासलेटचे कंदील किंवा कार्बाइडचे दिवे. कार्बाइडवर पाण्याचा थेंब पडला की वायू निघतो, तो पेटवायचा. गाडी सुरू करायची ती पुढे दांडा घालून, हाताने फिरवून. दांडा उलटला तर मनगट मोडे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या इंजिनियराने यावर विजेची मोटर योजली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत ती आली. गंमत अशी, की एकच यंत्र आधी इंजिन फिरवी आणि इंजिन चालू झाल्यावर वीज निर्माण करून बॅटरी भरी. दिवेही त्याच विजेवर. मोटारीतल्या दिव्यांचे नशीब बॅटरी व डायनामो यांच्याशी बांधले गेले ते असे.

डायनामोची एक खोड होती. इंजिन मंद चालले की त्याची वीज कमी पडे. मग बॅटरीतली वीज उलटी डायनामोत शिरू नये म्हणून ‘कटआऊट’ बसवावा लागे, आणि वेग वाढल्यावर दाब फार वाढू नये म्हणून रेग्युलेटर. या रेग्युलेटरात इवल्याशा संपर्कटिकल्या सेकंदाला कितीतरी वेळा उघडझाप करीत. त्या जळून काळ्या पडल्या, की दिवे फडफडू लागत. चौकात गाडी उभी राहिली म्हणजे दिवे मंदावत, तो मात्र बिघाड नव्हे. तो डायनामोचा स्वभावच.

पण दिवा लुकलुकला म्हणजे डायनामोच वाईट, हे काही खरे नाही. माझ्या काकांकडे अशी एक जुनी डायनामोची गाडी होती. दिवे थरथरतात म्हणून एका गॅरेजात त्यांच्या गळ्यात दुसरा डायनामो मारला. थरथर होती तशीच. पुढे एका पावसाळी रात्री आजीला छातीत दुखू लागले आणि तिला कोल्हापूरला न्यायचे ठरले. साखरप्याला आलो तो समोरचे आणि डॅशबोर्डवरचे दिवे एकदमच विझायचे आणि लागायचे. पुढे आंबा घाट. काका म्हणाले, “असल्या उजेडात घाट चढायचा नाही.” आई म्हणाली, “आणि इथं थांबायचं कशाच्या भरवशावर?”

एका मिस्त्रींना झोपेतून उठवले. त्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर इंजिन बंद करायला लावले आणि दिवे चालू ठेवले. मग बॉनेट उघडून एकेक तार हाताने हलविली. बॅटरीहून गाडीच्या सांगाड्याला जाणारी पट्टी हलवताच दिवे मिचमिचले. इंजिन बंद असताना दिवे मिचमिचतात, म्हणजे डायनामोचा यात काय संबंध? पट्टीच्या बोल्टखाली गंज चढला होता. मोटारीत परतीची वीज सांगाड्यातूनच जाते. ती वाट अडली की सगळेच दिवे एकाच वेळी कण्हतात. पॉलिश पेपरने घासून बोल्ट आवळला, दहा मिनिटांत काम झाले. घाट चढताना आजीची नजर मात्र त्या लहान दिव्यावरच होती. आम्ही वेळेवर पोचलो.

पुढे सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले आणि मोटारीत अल्टरनेटर आला. १९६० च्या सुमारास क्रायस्लर कंपनीने आपल्या व्हॅलियंट गाडीत तो दिला, आणि हळूहळू सर्वत्र त्याचेच राज्य झाले. मंद इंजिनावरही तो पुरेशी वीज देतो. पण जुनी सवय सुटत नाही, बरे का! डायनामोच्या काळात कित्येक मिस्त्री चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून पाहत: गाडी चालू राहिली तर चार्जिंग ठीक. आज तसे केले तर विजेचा दाब एकदम उसळून डायोड आणि गाडीतला संगणक दोन्ही जळू शकतात. त्यापेक्षा मीटर लावावा. बारा व्होल्टची भरलेली बॅटरी गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत. आकडा नाचू लागला तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा व रेग्युलेटर पाहावा. आकडा स्थिर आहे आणि खड्ड्यात गेल्यावर फक्त डॅशबोर्डचेच दिवे फडफडतात, तर त्या फळीमागची अर्थिंगची तार, बल्बचे होल्डर आणि उजेड कमीजास्त करण्याचे बटण तपासावे. आणि हात घालण्यापूर्वी, इंजिन बंद करून, बॅटरीची अर्थिंगची तार आधी सोडवावी.