सुईखालचे ग्रॅम : घरगुती टर्नटेबलचा इतिहास आणि पहिली खरेदी

आजचा विषय थोडा घरगुती आहे. पहिला टर्नटेबल कोणता घ्यावा आणि घेतल्यावर त्यात पुढे काय बदलत जावं, हा प्रश्न हल्ली पुन्हा विचारला जातो. आजोबांच्या रेकॉर्डी माळ्यावरून खाली आलेल्या असतात, एखादी नवी एलपी कुणीतरी भेट दिलेली असते, आणि घरात वाजवायला काहीच नसतं. याचं उत्तर किमतींच्या यादीतून देता येईल, पण ती यादी सहा महिन्यांत शिळी होते. इतिहासातून मिळणारं उत्तर जरा जास्त टिकतं, म्हणून आपण त्या वाटेने जाऊ. आणि जाताना नजर एकाच गोष्टीवर ठेवू : सुईचा भार तबकडीवर किती ग्रॅम पडतो?

एवढी क्षुल्लक गोष्ट कशाला, असं वाटेल. पण रेकॉर्ड ही अशी वस्तू आहे की ती ऐकणं म्हणजे तिला थोडंसं झिजवणं. पुस्तक वाचल्याने अक्षरं पुसट होत नाहीत, इथे होतात. आपल्याकडची कितीतरी नाट्यपदं, कीर्तनं, भावगीतं तबकडीवर आली आणि पुढे कॅसेट-सीडीवर कधीच आली नाहीत. अशी एखादी तबकडी तुमच्या घरात असेल, तर तिच्यावर कोणतं यंत्र ठेवायचं हा प्रश्न फक्त कानाच्या सुखाचा राहत नाही.

सुरुवात चावीच्या ग्रामोफोनपासून करू. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला आणि गौहर जानचा आवाज मेणावर उतरला, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. त्या तबकड्या लाखेच्या होत्या. नुसत्या लाखेच्या नव्हे, तिच्यात दगडाची बारीक पूड मिसळलेली असे. का? तर पोलादी सुई खाचेत बसल्यावर त्या पुडीने ती घासली जावी आणि खाचेच्या आकाराची व्हावी म्हणून. साउंडबॉक्सचं वजन शंभर ग्रॅमच्या वर. म्हणजे झिजण्याचं काम मुद्दाम सुईकडे दिलेलं होतं. एक बाजू वाजली की सुई फेकायची, नवी लावायची. त्यासाठीच त्या पत्र्याच्या छोट्या डब्या असत, ज्यांत पुढे बायका टाचण्या ठेवू लागल्या. काटकसर करून तीच सुई दहादा वापरली की झीज उलट तबकडीकडे जायची. आज चोरबाजारातली जुनी ७८ ची रेकॉर्ड खरखरते, त्यामागे अनेकदा हीच काटकसर असते.

१९४८ च्या जूनमध्ये कोलंबिया कंपनीने न्यू यॉर्कमध्ये लाँग प्लेइंग रेकॉर्ड जाहीर केली. मिनिटाला ३३⅓ फेरे, अरुंद खाच, लाखेऐवजी व्हिनाइल. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. आता या मऊ पदार्थावर शंभर ग्रॅमचा लोखंडी हात ठेवला तर नांगरणीच होणार. त्यामुळे नवी रेकॉर्ड म्हणजे नवं यंत्र, आणि ते कुणाच्याच घरी नव्हतं. कोलंबियाने फिल्को या रेडिओवाल्या कंपनीकडून एक लहानसा प्लेअर करून घेतला, जो घरातल्या रेडिओला जोडायचा. भार दहा ग्रॅमच्याही खाली. आज ज्याला आपण प्राथमिक पातळीचा टर्नटेबल म्हणतो, त्याचा हा पूर्वज. लक्षात घ्या, तो उत्तम आवाजासाठी जन्मला नव्हता, रेकॉर्डी खपाव्यात म्हणून जन्मला होता. हे दोन हेतू पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षं एकमेकांशी भांडत राहिले.

पन्नास-साठच्या दशकात स्वस्त यंत्राचा साचा पक्का झाला. मोटरच्या दांड्यावर रबरी चाक, ते चाक ताटाची कड आतून फिरवतं. सात-आठ रेकॉर्डी एकावर एक रचून आपोआप एकेक खाली सोडणारा चेंजर. आणि स्फटिकाचा किंवा सिरॅमिकचा कार्ट्रिज. इंग्लंडच्या गॅरार्ड आणि बीएसआर या दोन कंपन्यांनी अशी यंत्रं जगभर पाठवली. आपल्याकडच्या जुन्या रेडिओग्रामचं झाकण उचला, आत बऱ्याचदा यांपैकीच कुणीतरी बसलेलं असतं. मध्यमवर्गीय घरांत मात्र एचएमव्हीचा फिएस्टा आला, पेटीसारखा, उचलून शेजारच्या गणेशोत्सवाला नेता येईल असा.

स्फटिकाच्या कार्ट्रिजबद्दल एक गंमत सांगायलाच हवी. तो स्फटिक रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा. दाबला की वीज देतो, आणि भरपूर देतो, म्हणून साध्या अँप्लिफायरवर काम भागतं. पण हा क्षार दमट हवेत पाणी धरतो. युरोपात ठीक, मुंबई-कोकणच्या चार पावसाळ्यांत तो आतल्या आत विरघळायला लागतो. ‘प्लेअर चालतोय पण आवाजच गेला’ ही जुनी तक्रार पुष्कळदा इथून यायची. सिरॅमिकने तो प्रश्न सोडवला, पण भार सोडवला नाही. पाच, सहा, आठ ग्रॅम. सुईचं टोक बहुधा नीलमण्याचं, जे काही दहा तासांतच सपाट व्हायला लागतं, तर हिऱ्याचं टोक शेकडो तास टिकतं. सपाट झालेलं टोक म्हणजे छिन्नी, हे वेगळं सांगायला नको.

आता १९६१. अमेरिकेत एडगर व्हिल्चर नावाचा माणूस अकूस्टिक रिसर्च ही कंपनी चालवत होता; स्पीकरमध्ये त्याने आधीच नाव कमावलं होतं. त्याने टर्नटेबलकडे पाहिलं आणि विचारलं, सुईला जर केसाहून बारीक हालचाल वाचायची आहे, तर मोटरची थरथर आणि जमिनीची धडधड तिच्यापर्यंत पोचूच का द्यावी? त्याने ताट आणि हात एकाच आतल्या चौकटीवर बसवले, ती चौकट तीन स्प्रिंगांवर टांगली, आणि मोटर बाहेर ठेवून रबरी पट्ट्याने ताट फिरवलं. यंत्र चालू असताना पेटीवर हातोडी मारून दाखवायची त्यांची रीत होती. सुई उडत नसे. किंमत शंभर डॉलरच्या आत. आमच्या मते टर्नटेबलच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा क्षण आहे, कारण चांगलं म्हणजे जड आणि महाग हे समीकरण इथे मोडलं. याच सुमारास, १९५८ पासून, शूअर कंपनीचे स्टिरिओ मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज येऊ लागले होते. छोटंसं चुंबक सुईच्या दांडीला, वेटोळं बाहेर. भार झपाट्याने उतरला, पुढे दीड-दोन ग्रॅमपर्यंत. मात्र वीज अगदी थोडी, पाचेक मिलिव्होल्ट, म्हणून मध्ये फोनो प्रीअँप लागतो. तो आवाज नुसता मोठा करत नाही. रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि तार वाढवलेला असतो, ते उलटं करून मूळ पदावर आणतो. नवखी मंडळी प्लेअर थेट ऑक्स खाचेत लावतात आणि आवाज पातळ, किनरा आला की रेकॉर्डला दोष देतात. दोष तिचा नसतो.

यानंतर जपान. मात्सुशिताने १९७० मध्ये टेक्निक्सचा एसपी-१० आणला : पट्टा नाही, चाक नाही, ताट थेट मोटरवर. १९७२ मध्ये एसएल-१२००. याचं पुढे न्यू यॉर्कच्या डीजेंनी काय केलं ती स्वतंत्र व्याख्यानाची गोष्ट आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की वेग घड्याळासारखा स्थिर झाला. आपलं संगीत ऐकणाऱ्याला हे पाश्चात्त्य श्रोत्यापेक्षाही लवकर कळतं. ड्रमवर वेगाचा डोल लपतो. तंबोऱ्यावर लपत नाही. कोणताही टर्नटेबल दुकानात तपासायचा असेल तर संथ आलापाची रेकॉर्ड घेऊन जा आणि फक्त षड्जाकडे कान लावा. तो पाण्यावरच्या होडीसारखा हलत असेल तर उठा.

‘अपग्रेड’ हा शब्द आणि त्यामागचं वेड मात्र स्कॉटलंडचं. ग्लासगोच्या आयव्हर टिफेनब्रनने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लिन सॉन्डेक एलपी-१२ बाजारात आणला. रचना व्हिल्चरच्याच कुळातली. पण त्याने जो प्रचार केला तो नवा होता : उगमाशी जे हरवलं ते पुढे कितीही महाग स्पीकर लावून परत येत नाही, म्हणून पैसे आधी टर्नटेबलवर. तोवर लोक उलट करायचे, बहुतेक पैसे स्पीकरवर. त्याचा युक्तिवाद तर्काला धरून आहे, आणि तो टर्नटेबल विकणाऱ्याचा आहे. दोन्ही एकदम खरं. त्या यंत्राला आजतागायत नवी वीजपुरवठ्याची पेटी, नवं बेअरिंग, नवी चौकट असं काही ना काही येत राहिलं. पन्नास वर्षांपूर्वीचा एलपी-१२ आजच्या भागांनी अद्ययावत करता येतो. कौतुकास्पद आहे, खर्चिकही.

तिकडे इंग्लंडमध्ये रॉय गँडी आणि टोनी रेल्फ यांनी १९७३ मध्ये रेगा काढली, दोघांच्या आडनावांची पहिली अक्षरं जोडून. त्यांनी स्प्रिंगच काढून टाकल्या. हलकी, ताठ फळी, तिच्यावर काचेचं ताट. १९८३ मध्ये त्यांचा आरबी-३०० हा हात आला, नळी एकसंध ओतीव ॲल्युमिनियमची. जे काम आधी बरेच पैसे मोजून मिळायचं ते साध्या घरात आलं. आणि नेमक्या त्याच वेळी सीडी आली. चांगला स्वस्त टर्नटेबल कसा करायचा हे जगाला समजलं आणि जगाला तो नकोसा झाला, हा योग विलक्षणच. नव्वदच्या दशकात ऑस्ट्रियाच्या प्रो-जेक्टने झेक प्रजासत्ताकातल्या लितोवेल इथल्या जुन्या टर्नटेबल कारखान्यात स्वस्त यंत्रं बनवून ही विद्या जिवंत ठेवली, नाहीतर आज आपण हे बोलतच नसतो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत व्हिनाइलच्या नगांनी १९८७ नंतर पहिल्यांदाच सीडीला मागे टाकलं. पण गर्दीबरोबर जुना साचाही परतला. सुटकेससारखा देखणा प्लेअर, आत प्लास्टिकचा हात, सिरॅमिक कार्ट्रिज, पाच-सहा ग्रॅम, आणि भार कमी-जास्त करायची सोयच नाही. फिएस्टाचं एक वेळ समजू शकतो, तेव्हा परवडणारं दुसरं फारसं नव्हतं. आज आहे.

तर खरेदी. मागच्या टोकाला फिरवता येणारं वजन असलेला हात, बदलता येणारा मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज, हिऱ्याची सुई. एवढं असलं की बाकी सगळं पुढे करता येतं. हे नसेल तर पुढे काहीच करता येत नाही. साधा शंकूच्या टोकाचा कार्ट्रिज तीन-साडेतीन ग्रॅम घेतो, चालेल. लंबगोल टोकाचे बरेचसे दोनच्या आसपास. शून्याच्या जवळ जायचा हट्टही नको : भार कमी पडला तर सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती फोडते. छोटा डिजिटल काटा घ्या, यंत्राच्या आकड्यावर विसंबू नका.

पहिली सुधारणा फुकट आहे. पाणसळ ठेवून ताट समतल करा आणि प्लेअर स्पीकरच्या टेबलावरून उतरवा. व्हिल्चरची हातोडी आठवा. दुसरी सुधारणा सुई. बाजू संपत आली की गाण्यातले ‘स’ आणि ‘श’ घासल्यासारखे येतात, ते चांगल्या टोकाने सर्वांत जास्त सुधारतं. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम-९५ मालिकेत कार्ट्रिज तोच ठेवून नुसती सुई बदलता येते, शंकूपासून शिबाता टोकापर्यंत. (शिबाता टोक मुळात सत्तरच्या दशकातल्या चार चॅनेलच्या रेकॉर्डींसाठी शोधलं होतं; त्या रेकॉर्डी बुडाल्या, सुई तरली.) फोनो प्रीअँप त्यानंतर. महागडी तार आणि चटई, आमच्या मते, कधीच नाही झाली तरी बिघडत नाही.

घरात ७८ च्या असतील तर दोन गोष्टी वेगळ्या. त्यांची खाच रुंद, टोक साधारण तिप्पट जाड लागतं. एलपीची सुई तिथे तळाला घासत कचरा वाचते. वर सांगितलेल्या मालिकेत ७८ साठीही सुई आहे, मात्र यंत्राला ७८ चा वेग हवा. तो अनेक चांगल्या टर्नटेबलांना नसतो. आणि धुताना स्पिरिट लावू नका. एलपीवर थोडं चालून जातं, लाख मात्र स्पिरिटमध्ये विरघळते. सुताराला पॉलिश करताना पाहिलं असेल, तेच.

शेवटी अमेरिकेतल्या नातेवाइकांविषयी. तिकडून सत्तर-ऐंशीच्या दशकातला उत्तम टर्नटेबल कुणीतरी प्रेमाने आणतं, आपण ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावतो, ताट फिरतं, आणि गाणं मरगळलेलं येतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारता नाही. जुनी एसी सिंक्रोनस मोटर वारंवारतेवर चालते. तिकडे ६० हर्ट्झ, इथे ५०. म्हणजे ३३⅓ चे सुमारे २७.८ फेरे. स्वर पाच-षष्ठांश, साधारण तीन पट्ट्या खाली : काळी एकचा गवई खालच्या काळी पाचवर जाऊन बसतो. काही यंत्रांना ५० हर्ट्झची वेगळी पुली मिळते. थेट मोटरवाल्या बहुतेकांना आणि डीसी मोटरवाल्यांना हा प्रश्नच येत नाही. तेव्हा बॅग भरण्याआधी यंत्राच्या पाठीवरची पाटी फोटो काढून पाठवायला सांगा. तिथे नुसतं ६० लिहिलं असेल तर पुलीची चौकशी आधी, विमान नंतर.

इथे थांबू आणि प्रश्नांकडे वळू.