पत्रास उत्तर येतेच : परदेशी टपालहशिलाची दीडशे वर्षे

मासिकांच्या वर्गणीच्या पत्रकात तळाशी एक बारीकशी ओळ असे : ‘टपालहशील वेगळे’. वाचक तिच्याकडे फारसे बघत नसे. वर्गणीचा आकडा बघायचा, मनिऑर्डर करायची आणि मोकळे व्हायचे. पण ज्याचा छंदच परदेशच्या टपालावर चालतो, त्याच्या लेखी ही तळची ओळच मुख्य होऊन बसते. पोस्टाची तिकिटे, काड्यापेट्यांवरची चित्रे, दूरदेशच्या रेडिओ केंद्रांकडून येणारी क्यूएसएल कार्डे, असे काहीबाही जमवणाऱ्या मंडळींना विचारा. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण त्यांच्याइतकी कोणाला पटत नसेल.

एक उदाहरण घेऊ. चिंचवडच्या दामोदर हरी चापेकरांचे तिकीट भारतीय टपाल खात्याने २०१८ साली काढले. किंमत पाच रुपये. समजा, चिंचवडच्याच एखाद्या संग्राहकाला ते स्वीडनमधल्या मित्राला पाठवायचे आहे आणि बदल्यात तिकडचे एक तिकीट हवे आहे. पाकीट गहाळ होऊ नये म्हणून ते रजिस्टर करायचे, किंवा प्रवासात त्याचा माग लागेल अशा सेवेने पाठवायचे म्हटले, की मूळ तिकिटाच्या कित्येक पट पैसे मोजावे लागतात. वस्तू पाचाची, वजन चिमूटभर, आणि खर्च मात्र पाहुण्याच्या मुक्कामासारखा वाढत जाणारा.

उदाहरणात स्वीडनच का? तर या पट्ट्याचा आणि परदेशी टपालाचा संबंध जुना आहे म्हणून. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली; त्या कारखान्याला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य होते. पुढे दापोडीला स्वीडनची सँडविक आली, चिंचवडला स्वीडनचीच एसकेएफ आली. आकुर्डीच्या बजाज स्कूटरमागे इटलीची पियाजिओ कंपनी होती. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी-चिंचवडची माळराने बघता बघता कारखान्यांनी भरून गेली. आता, कारखाना आला की त्याच्या पाठोपाठ टपाल येतेच. यंत्रांचे नकाशे आले, दरपत्रके आली, माहितीपुस्तके आली. आणि ती ज्या पाकिटांतून आली त्यांवर परदेशी तिकिटे आली. कचेरीतल्या माणसाच्या घरी शाळेत जाणारे मूल असले, तर त्या पाकिटाचा कोपरा कापला जाणारच! अशा रीतीने कामगारवस्तीत जगाचा नकाशा कोपऱ्याकोपऱ्याने गोळा होत गेला.

आता कोणी म्हणेल, परदेश दूर आहे, तेव्हा खर्च जास्त येणारच. त्यात तक्रार कसली? हे उत्तर सरळ दिसते खरे, पण इतिहास त्याला दुजोरा देत नाही.

अंतराचा हा भ्रम रोलंड हिल या इंग्रज गृहस्थाने १८३७ सालीच फोडला होता. लंडनहून एडिंबरोला एक पत्र नुसते वाहून न्यायला पेनीचा छत्तिसावा भाग खर्च येतो, असा हिशेब त्याने मांडला. खरा खर्च दोन टोकांना होता. पत्र घेणे, नोंदणे, दर ठरवणे, घरोघर वाटणे आणि पैसे वसूल करणे, यात तो होत असे. या विचारातून १८४० साली इंग्लंडात एक पेनीचे टपाल सुरू झाले. आपल्याकडे १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पुण्याहून मुंबईला जावो की कलकत्त्याला, असा सरसकट दर लागू झाला.

परदेशच्या पत्राचे मात्र तसे नव्हते. १८३० च्या मार्चमध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझकडे निघाली आणि वाफेच्या बळावर विलायतेचे टपाल नेण्याची खटपट सुरू झाली. पण पुढची कितीतरी वर्षे कोणत्या मार्गाने पत्र जाणार, वाटेत कोणाचा मुलूख लागणार, कोणाची बोट, कोणाची आगगाडी, यांवर दर ठरे. प्रत्येक राष्ट्राचा प्रत्येकाशी निराळा करार. १८६७ साली आपल्याकडे तर सहा आणे आठ पै अशा विचित्र किमतीचे तिकीट काढावे लागले! त्या वेळी आठ पै म्हणजे एक पेनी धरीत. म्हणजे हे बरोबर दहा पेन्स झाले. विलायतेचा हिशेब आण्या-पैंत बसवायला गेले की असले आकडे निघत.

हा गुंता सोडवला तो प्रशियाच्या टपाल खात्यातल्या हाइनरिख फॉन स्टेफान याच्या पुढाकाराने. १८७४ साली स्वित्झर्लंडच्या बर्न शहरी २२ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि ९ ऑक्टोबरला करारावर सह्या झाल्या. त्यात मुख्य गोष्टी तीन. सर्व सभासद राष्ट्रे मिळून टपालापुरता एकच मुलूख मानायचा. परदेशी पत्राला शक्यतो एकसारखा दर ठेवायचा. आणि ज्या देशात पत्र पेटीत पडले त्या देशाने तिकिटाचे सगळे पैसे आपल्याकडेच ठेवायचे. या तिसऱ्या कलमामागचा विचार फार साधा होता. पत्र गेले की उत्तर येतेच. आज तुमचे पत्र आमच्या पोस्टमनने वाटले, उद्या आमचे उत्तर तुमचा पोस्टमन वाटील. मग कशाला मोजत बसा? फिटंफाट! भारत या संघात १ जुलै १८७६ रोजी दाखल झाला. १८७८ साली संघाचे ‘जागतिक टपाल संघ’ असे नामकरण झाले.

परिणाम काय झाला तो तिकिटांवरच वाचता येतो. १८९१ च्या आरंभी आपल्याकडे परदेशी पत्राचा दर अडीच आण्यांवर आला, तेव्हा साडेचार आण्यांच्या तिकिटांवर ‘अडीच आणे’ असे छापून ती विकायला काढली. देशातले अर्ध्या तोळ्याचे पत्र तेव्हा अर्ध्या आण्यात जाई. म्हणजे दिसायला परदेशी पत्र पाचपट. पण परदेशी दर अर्ध्या औंसाला, म्हणजे जवळजवळ सव्वा तोळ्याला होता. वजन जमेस धरले तर फरक आणखी कमी होतो.

पुढची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. २५ डिसेंबर १८९८ पासून ब्रिटिश साम्राज्यातल्या बहुतेक मुलखांनी आपसात एक पेनीचे टपाल सुरू केले. भारतातून विलायतेला अर्ध्या औंसाचे पत्र एका आण्यात जाऊ लागले. आता बघा, हिंदुस्थानचे टपाल त्या काळी इटलीच्या ब्रिंडिसी बंदरातून आगगाडीने पुढे जात असे. म्हणजे इटली ओलांडून इंग्लंडला जाणाऱ्या पत्राला एक आणा, आणि वाटेत इटलीतच उतरणाऱ्या पत्राला अडीच आणे! जवळचे महाग आणि लांबचे स्वस्त. साम्राज्य बांधून ठेवायचे होते, म्हणून तो दर उतरला. समुद्र काही आटला नव्हता. टपालहशील हे मैलांवर ठरत नाही, राज्यकर्त्यांच्या मनावर ठरते, याचा याहून चांगला पुरावा कोणता हवा?

या स्वस्ताईतच संग्राहकांचा छंद वाढला. ‘फिलाटेलिक सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था १८९७ साली कलकत्त्यात स्थापन झाली. तेच साल चिंचवडच्या चापेकरांनी पुण्यात रँडवर गोळी झाडली ते. एकीकडे राणीच्या चित्राची तिकिटे जमवणारे साहेब, दुसरीकडे राणीच्या राज्याला आव्हान देणारे तरुण. आणि आज त्याच दामोदरपंतांचे तिकीट संग्राहकांच्या वहीत विराजमान झाले आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तिकिटांतही हा हिशेब दडलेला आहे. १९४७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तीन तिकिटे निघाली. अशोकस्तंभाच्या सिंहांचे दीड आण्याचे, देशातल्या पत्रासाठी. राष्ट्रध्वजाचे साडेतीन आण्यांचे, बोटीने परदेशी जाणाऱ्या पत्रासाठी. आणि विमानाचे बारा आण्यांचे, विमानाने परदेशी जाणाऱ्या पत्रासाठी. बोटीचे पत्र देशी पत्राच्या सवादोनपट, विमानाचे आठपट. आठपट हा काही थोडा बोजा नव्हे. पण तेव्हाच्या संग्राहकाजवळ निवड होती. घाई असली तर विमान, नसली तर बोट. आणि संग्राहकाला घाई कशाची हो? तो तर वाट पाहण्यातच सुखी असतो!

मग बिघडले कुठे? १८७४ चा ‘फिटंफाट’ हा न्याय मोडला तिथे. काही देशांतून मासिके, जाहिराती, मालाची पुडकी यांचे गठ्ठेच्या गठ्ठे बाहेर जाऊ लागले आणि उलट दिशेने तितके काही येईना. ज्यांच्या पोस्टमनला हे फुकट वाटावे लागे त्या देशांची तक्रार रास्त होती, आणि त्यांत गरीब देशही होते. म्हणून १९६९ च्या टोकियो अधिवेशनात ठरले की ज्याचे टपाल जास्त येईल त्याने ते वाटणाऱ्या देशाला मोबदला द्यावा. १९७१ पासून ते अमलात आले. गंमत अशी, की याच अधिवेशनात भारताचे प्रतिनिधी आनंद मोहन नरूला यांच्या सूचनेवरून ९ ऑक्टोबर हा जागतिक टपाल दिन ठरला. म्हणजे बर्नच्या कराराचा वाढदिवस साजरा करायचे ठरले, आणि त्याच बैठकीत त्या करारातले एक मुख्य कलम बाजूला पडले!

अलीकडच्या काळात घरबसल्या परदेशी माल मागवायची सोय झाली आणि हा ओघ फारच एकतर्फी झाला. चीनमधून येणाऱ्या स्वस्त पुडक्यांवरून अमेरिकेने २०१८ साली संघ सोडण्याची नोटीस दिली. २०१९ च्या सप्टेंबरात जिनिव्हाला खास अधिवेशन भरवून तडजोड करावी लागली, आणि २०२० च्या जुलैपासून अमेरिका अशा पुडक्यांचा मोबदला स्वतः ठरवू लागली. २०२१ पासून मालाच्या पुडक्याची माहिती आगाऊ यंत्राद्वारे कळवण्याचे बंधन आले. त्याच वर्षी १ जुलैला युरोपीय संघाने २२ युरोंपर्यंतच्या आयातीला असलेली करमाफी काढून घेतली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने ८०० डॉलरांपर्यंतची जकातमाफी रद्द केली. तेव्हा भारतीय टपाल खात्याला तिकडचे टपाल काही काळ थांबवावे लागले, ते ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाले.

हे सारे नियम व्यापाऱ्यासाठी झाले. पण पोस्टाच्या खिडकीवर व्यापारी आणि छांदिष्ट यांच्या पाकिटांत फरक कसा करणार? दहा तिकिटांची अदलाबदल करणारा विद्यार्थी आणि दहा हजार पुडकी रवाना करणारा दुकानदार एकाच रांगेत उभे राहतात. दुकानदार खर्च गिऱ्हाइकावर ढकलतो. विद्यार्थ्याने कोणावर ढकलायचा? चाकणच्या कारखान्यांतली मोटार बोटीतून परदेशी रवाना होते, कारण तिच्यासारख्या शेकडो मोटारी तिच्यासोबत असतात आणि खर्च वाटून जातो. संग्राहकाचे पाकीट एकटेच निघते.

श्रोतेहो, आता मूळ मुद्दा. बर्नला जमलेल्या मंडळींनी ज्या पत्राचा विचार केला होता, जे जाते आणि ज्याचे उत्तर येते, ते पत्र आज कोण लिहितो? खुशालीची पत्रे दूरध्वनीने गिळली, व्यापाराची पत्रे संगणकाने. उरला तो संग्राहक. त्याची देवघेव अगदी बरोबरीची असते. दहा पाठवली की दहा येतात. कोणत्याच देशाच्या पोस्टमनवर तो एकतर्फी भार टाकत नाही. तेव्हा एकतर्फी मालासाठी घातलेला बोजा त्याच्यावर पडावा, हे न्यायाचे नव्हे. अंधांच्या ब्रेल वाङ्मयाला जगभर टपालहशील माफ आहे. म्हणजे एखाद्या प्रकारच्या टपालाला सवलत द्यायचे राष्ट्रांनी मनावर घेतले तर ते जमते. छांदिष्टांना फुकट काही नको. ठरावीक वजनाच्या देवघेवीच्या पाकिटाला, विकाऊ माल नाही अशा प्रतिज्ञेवर, साध्या पत्राचा दर आणि थोडक्यात नोंदणी मिळाली तरी पुष्कळ झाले. आपल्या संग्राहक संस्थांनी ही मागणी टपाल खात्याकडे आणि खात्यामार्फत जागतिक संघाकडे लावून धरली पाहिजे.

तोवर हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. वीस ग्रॅमच्या पाकिटात, चिठ्ठी धरूनही, शंभरएक तिकिटे सहज मावतात. पण ती सगळी एकदम धाडून जोखीम घेण्यापेक्षा थोडी थोडी पाठवावीत. आणि दुसरी युक्ती तर जुन्या संग्राहकांच्या चांगलीच परिचयाची आहे. पाकिटाच्या आत तिकीट ठेवण्याऐवजी ते पाकिटावरच लावायचे. हशिलाची जेवढी रक्कम भरायची तेवढी निवडक, सुंदर स्मारक तिकिटांनी भरायची, वर आपल्या पोस्टाचा स्वच्छ शिक्का मागून घ्यायचा, आणि आत मित्राला चार ओळी लिहायच्या. स्वीडनच्या मित्राला चापेकरांचे तिकीट चिंचवडच्या शिक्क्यासह मिळेल, आणि ते कोण, त्यांनी काय केले, हेही त्या चार ओळींतून कळेल. हशील म्हणून दिलेला पैसा अशा वेळी वाया जात नाही. त्याचीच भेट होते. आणि भेट पोचली म्हणजे उत्तर येतेच.