पीटर दुबोव्स्की : नव्या स्लोव्हाकियाचा पहिला गोल नोंदवणारा आघाडीपटू

स्लोव्हाकियाचे आघाडीपटू पीटर दुबोव्स्की यांची कारकीर्द जेमतेम अकरा वर्षांची. या काळात त्यांनी चेकोस्लोव्हाकियाचे विजेतेपद जिंकून दिले, सलग दोन हंगाम त्या देशाच्या साखळी स्पर्धेत सर्वाधिक गोल केले, रेआल माद्रिदचा पांढरा पोशाख अंगावर चढवला आणि नव्याने स्वतंत्र झालेल्या स्लोव्हाकियाच्या फुटबॉल इतिहासातील पहिला गोलही नोंदवला. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी थायलंडमध्ये एका अपघातात त्यांचा अंत झाला. आकड्यांचाच हिशेब मांडला, तर युरोपातील त्यांच्याहून अधिक यशस्वी आघाडीपटूंची यादी मोठी होईल. परंतु ज्या पिढीच्या पायाखालची देशाची सीमाच बदलली, त्या पिढीचा सर्वांत गुणवान खेळाडू म्हणून त्यांचे नाव स्लोव्हाकियात आजही घेतले जाते.

दुबोव्स्की यांचा जन्म ७ मे १९७२ रोजी ब्रातिस्लाव्हा येथे झाला. शहरातील विनोह्राडी या उपनगरी क्लबातून ते १९८९ मध्ये स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा या मोठ्या क्लबात दाखल झाले. स्लोव्हान हा स्लोव्हाक फुटबॉलचा मानबिंदू. १९६९ मध्ये बाझेल येथे झालेल्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाला ३–२ असे नमवून या क्लबाने युरोपीय चषकविजेत्यांचा चषक पटकावला होता. मात्र त्यानंतरचा काळ उतरणीचा होता. १९७५ नंतर चेकोस्लोव्हाक साखळीचे विजेतेपद स्लोव्हानला मिळाले नव्हते आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रागच्या स्पार्ताने स्पर्धेवर एकछत्री अंमल गाजवला होता.

ज्या वर्षी सतरा वर्षांचे दुबोव्स्की स्लोव्हानमध्ये आले, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात चेकोस्लोव्हाकियातील साम्यवादी राजवट कोसळली. तोपर्यंत त्या देशातील खेळाडूंना परदेशी क्लबांकडून खेळण्याची परवानगी सहसा वयाची तिशी उलटल्यावरच, तीही सरकारी मेहेरबानीने मिळत असे. आता ती दारे एकाएकी उघडली. १९९० च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्या राष्ट्रीय संघातील अनेक नामवंत इटली, जर्मनी आणि इंग्लंडकडे वळले. मागे उरलेल्या साखळीत तरुणांना लवकर संधी मिळू लागली आणि दुबोव्स्की यांनी ती दोन्ही हातांनी स्वीकारली.

प्रशिक्षक दुशान गालिस यांच्या मार्गदर्शनाखाली स्लोव्हानने १९९१–९२ चा हंगाम जिंकला. सतरा वर्षांचा दुष्काळ संपला आणि स्पार्ताची सलग पाच विजेतेपदांची मालिका खंडित झाली. त्या हंगामात दुबोव्स्की यांनी २७ गोल केले आणि साखळीत सर्वाधिक गोल करण्याचा मान मिळवला. त्या वेळी त्यांचे वय वीस वर्षे होते. डाव्या पायाचा हा खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात ठाण मांडून चेंडूची वाट पाहणाऱ्यांपैकी नव्हता. तो मागे येऊन चेंडू घेई, बचावपटूला हुलकावणी देई आणि मगच गोलाकडे वळे. त्यांच्या फ्री किकचीही ख्याती होती. अशा शैलीच्या खेळाडूने एका हंगामात सत्तावीस गोल करणे ही गोष्ट त्या संख्येपेक्षाही अधिक बोलकी आहे.

पुढच्या हंगामात युरोपीय चषक स्पर्धेत स्लोव्हानने हंगेरीच्या फेरेन्त्सव्हारोशला हरवले. दुसऱ्या फेरीत एसी मिलानने त्यांची वाट अडवली. देशांतर्गत साखळीत दुबोव्स्की पुन्हा २४ गोलांसह अव्वल ठरले. परंतु या हंगामाचे महत्त्व वेगळ्याच कारणाने आहे. १ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाचे विभाजन होऊन झेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकिया ही दोन राष्ट्रे अस्तित्वात आली. साखळी स्पर्धा मात्र अर्ध्यावर होती. ती तोडण्याऐवजी पूर्ण करण्याचा निर्णय झाला आणि जून १९९३ पर्यंत दोन स्वतंत्र देशांचे क्लब, अस्तित्वात नसलेल्या देशाच्या विजेतेपदासाठी एकमेकांशी खेळत राहिले. विजेतेपद स्पार्ताकडे गेले. चेकोस्लोव्हाक साखळीच्या इतिहासातील सर्वाधिक गोल करणारा अखेरचा खेळाडू ही नोंद दुबोव्स्की यांच्या नावावर राहिली, आणि ती आता कोणालाही बदलता येणारी नाही.

राष्ट्रीय संघाची अवस्था याहून विचित्र होती. १९९४ च्या विश्वचषकाची पात्रता फेरी चेकोस्लोव्हाकिया या नावाने सुरू झाली होती. देश उरला नाही, तरी संघ कायम ठेवण्यात आला आणि त्याला ‘झेक व स्लोव्हाक प्रतिनिधी संघ’ असे नाव देण्यात आले. २ जून १९९३ रोजी कोशित्से येथे या संघाने रुमानियाला ५–२ असे हरवले, त्यात दुबोव्स्की यांची हॅट्ट्रिक होती. हाच रुमानियाचा संघ वर्षभराने अमेरिकेतील विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या तीन गोलांचे मोल कळते. गटातील शेवटचा सामना १७ नोव्हेंबर १९९३ रोजी ब्रुसेल्समध्ये बेल्जियमविरुद्ध होता. प्रतिनिधी संघाला विजय हवा होता. यजमानांच्या फिलिप आल्बेर यांना बाहेर काढण्यात आले, तरीही दहा जणांच्या बेल्जियमविरुद्ध गोल होऊ शकला नाही. सामना ०–० असा सुटला, रुमानिया आणि बेल्जियम विश्वचषकाला गेले आणि एका संयुक्त संघाची कहाणी तेथेच संपली. चेकोस्लोव्हाकिया व या प्रतिनिधी संघाकडून दुबोव्स्की यांनी एकूण १४ सामन्यांत ६ गोल केले.

तोपर्यंत ते स्पेनमध्ये पोहोचले होते. १९९३ च्या उन्हाळ्यात रेआल माद्रिदने त्यांच्याशी करार केला. माद्रिदला हा खेळाडू अनोळखी नव्हता. १९९१–९२ च्या युएफा चषकात पहिल्याच फेरीत रेआलची गाठ स्लोव्हानशी पडली होती. पण ज्या क्लबात ते गेले, तो त्या वेळी अस्वस्थतेच्या काळातून जात होता. बार्सिलोना सलग विजेतेपदे मिळवत होता, आणि एमिलिओ बुत्राग्वेन्यो यांच्या पिढीचा सुवर्णकाळ सरत आला होता. जानेवारी १९९४ मध्ये बार्सिलोनाने रेआलला ५–० असे चिरडले. मार्चमध्ये प्रशिक्षक बेनितो फ्लोरो यांना हटवून हंगामाच्या उर्वरित काळासाठी विसेंते देल बोस्के यांच्याकडे सूत्रे सोपवण्यात आली. एकवीस वर्षांच्या, भाषा न जाणणाऱ्या परदेशी खेळाडूला स्थिरावण्यासाठी याहून वाईट हंगाम शोधून सापडला नसता.

दुसऱ्या हंगामात प्रशिक्षक म्हणून होर्हे वाल्दानो आले आणि संघाचा कायापालट झाला; मात्र त्या संघात दुबोव्स्की यांना जागा उरली नाही. येथे त्या काळचा नियम समजून घेणे आवश्यक आहे. स्पॅनिश साखळीत मैदानावर एका वेळी तीनच परदेशी खेळाडू उतरवता येत. वाल्दानो यांनी तेनेरिफेहून आपले देशबांधव फर्नांदो रेदोंदो यांना आणले. बार्सिलोनातून डेन्मार्कचे मिकाएल लाउद्रुप आले. आणि चिलीचे इव्हान सामोरानो यांनी त्या हंगामात २८ गोल करून साखळीत अव्वल स्थान मिळवले. तीन परदेशी खेळाडूंच्या तीन जागा अशा भरल्या. चौथा म्हणजे दुबोव्स्की. त्यातच ऑक्टोबर १९९४ मध्ये राउल गोन्सालेस या सतरा वर्षांच्या मुलाला वाल्दानो यांनी मुख्य संघात उतरवले, आणि आघाडीचा उरलासुरला प्रश्नही मिटला. १९९५ मध्ये रेआलने साखळीचे विजेतेपद मिळवले. दुबोव्स्की त्या विजेत्या संघाचे सदस्य होते, परंतु त्यांचा वाटा नाममात्र होता. दोन हंगामांत मिळून साखळीतील ३१ सामने आणि २ गोल, एवढीच त्यांची माद्रिदमधील जमा.

या अपयशाचे खापर बहुतेकदा त्यांच्या शांत, काहीशा संकोची स्वभावावर फोडले जाते. ते अर्धसत्य म्हणावे लागेल. ज्या संघात त्यांच्या जागेसाठी लाउद्रुप स्पर्धेत होते, तेथे स्वभाव कसाही असता तरी निकाल फारसा वेगळा लागला नसता.

१९९५ मध्ये ते रेआल ओव्हिएदोकडे गेले. आस्तुरियास या खाणकामाची परंपरा असलेल्या उत्तरेकडील प्रांताची ओव्हिएदो ही राजधानी. रेआलमध्ये जागा न मिळालेला खेळाडू ओव्हिएदोत यावा, यात नवे काही नव्हते. आदल्याच हंगामात क्रोएशियाचे रॉबर्ट प्रोसिनेच्की माद्रिदहून तेथे येऊन चमकून गेले होते. हा क्लब १९८८ पासून पहिल्या श्रेणीत होता, पण त्याची दरवर्षीची झुंज विजेतेपदासाठी नसे, तर श्रेणी टिकवण्यासाठी असे. १९९८ मध्ये तर लास पाल्मासविरुद्धच्या निर्णायक लढतीत विजय मिळाल्यानेच तो वाचला. प्रशिक्षक दरसाल बदलत. हुआन मानुएल लियो, उरुग्वेचे ऑस्कर ताबारेस, फर्नांदो वास्केस आणि पुढे स्पेनला युरोपीय विजेतेपद मिळवून देणारे लुईस आरागोनेस हे सारे पाच वर्षांत दुबोव्स्की यांचे प्रशिक्षक झाले.

येथे ते शुद्ध आघाडीपटू राहिले नाहीत. पुढे पनामाचे हुलिओ देली वाल्देस यांच्यासारखा गोल करणारा खेळाडू असल्याने दुबोव्स्की त्याच्या मागे, खेळ रचणाऱ्याच्या भूमिकेत गेले. ओव्हिएदोसाठी साखळीतील १२० सामन्यांत १७ गोल हा आकडा या बदललेल्या भूमिकेच्या संदर्भात वाचला पाहिजे. जुन्या कार्लोस तार्तिएरे मैदानावरील प्रेक्षकांनी त्यांना आपले मानले. ज्या संघाला बहुतेक वेळ बचाव करण्यातच घालवावा लागे, त्या संघात पाय गुंतवून प्रेक्षकांना श्वास रोखायला लावणारा एखादाच असतो. ओव्हिएदोत तो दुबोव्स्की होते.

त्यांच्या आगमनानंतर काही महिन्यांतच, डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बॉसमन खटल्याचा निकाल दिला. युरोपीय संघाच्या सदस्य देशांतील खेळाडूंवरील परदेशीपणाची मर्यादा त्यामुळे रद्द झाली आणि खेळाडूंच्या बाजारपेठेचे स्वरूपच पालटले. परंतु स्लोव्हाकिया युरोपीय संघात आला तो २००४ मध्ये. त्यामुळे डॅनिश, डच किंवा फ्रेंच खेळाडू ज्या मर्यादेतून मुक्त झाले, तिच्यात दुबोव्स्की अखेरपर्यंत ‘परदेशी’च राहिले. मध्य युरोपातील त्या पिढीच्या खेळाडूंना हा फटका बसला, याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय संघातील त्यांचे स्थान निर्विवाद होते. १९३९ ते १९४४ या युद्धकाळातील स्लोव्हाक राज्याचा एक संघ होता, हे खरे. पण १९९३ मध्ये जन्मलेल्या प्रजासत्ताकाचा पहिला अधिकृत सामना २ फेब्रुवारी १९९४ रोजी दुबई येथे संयुक्त अरब अमिरातीविरुद्ध झाला. १९९० च्या विश्वचषकात चेकोस्लोव्हाकियाचे प्रशिक्षक असलेले योझेफ व्हेंग्लोश आता या नव्या संघाची धुरा सांभाळत होते. स्लोव्हाकियाने तो सामना १–० असा जिंकला आणि गोल दुबोव्स्की यांचा होता. त्याआधीच १९९३ सालचा स्लोव्हाकियातील सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणूनही त्यांची निवड झाली होती.

पुढील सहा वर्षांत स्लोव्हाकियाला एकाही मोठ्या स्पर्धेची पात्रता मिळाली नाही. १९९६ च्या युरोपीय स्पर्धेच्या पात्रता गटात रुमानिया आणि फ्रान्सच्या मागे तिसरा क्रमांक. १९९८ च्या विश्वचषकासाठी स्पेन, युगोस्लाव्हिया आणि झेक प्रजासत्ताक यांच्यामागे चौथा. २००० च्या युरोपीय स्पर्धेसाठी रुमानिया आणि पोर्तुगाल यांच्यामागे पुन्हा तिसरा. जुन्या सहकाऱ्यांनी, म्हणजे झेक संघाने, १९९६ मध्ये थेट वेम्बलीवरील अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली, ही तुलना ब्रातिस्लाव्हात बोचणारी होती. सप्टेंबर १९९७ मध्ये स्लोव्हाकियाने झेक संघाला घरच्या मैदानावर २–१ असे हरवले, तेवढेच समाधान. दुबोव्स्की यांनी स्लोव्हाकियातर्फे ३३ सामने खेळून १२ गोल केले. विश्वचषक किंवा युरोपीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत खेळण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

१९९९–२००० चा हंगाम संपल्यावर ते सुट्टीसाठी थायलंडला गेले. २३ जून २००० रोजी को सामुई बेटावरील एका धबधब्याजवळ छायाचित्रे घेत असताना त्यांचा पाय घसरला. उंचावरून कोसळल्याने झालेल्या गंभीर दुखापतींनी त्यांचा मृत्यू झाला. त्या दिवशी नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये युरोपीय स्पर्धेला विश्रांती होती; दुसऱ्या दिवशी सुरू होणाऱ्या उपांत्यपूर्व फेरीत पोर्तुगाल आणि रुमानिया, म्हणजे पात्रता गटात स्लोव्हाकियाला मागे टाकणारे दोन्ही संघ, खेळणार होते. ओव्हिएदोला आणि ब्रातिस्लाव्हाला ही बातमी एकाच वेळी कळली आणि दोन्ही शहरे हळहळली.

ओव्हिएदो त्या सप्टेंबरात नव्या मैदानावर गेला. दुबोव्स्की तेथे कधीच खेळले नाहीत. २००१ मध्ये संघ पहिल्या श्रेणीतून बाहेर पडला, आर्थिक संकटामुळे चौथ्या स्तरापर्यंत घसरला आणि २०२५ मध्ये, चोवीस वर्षांनी, पुन्हा पहिल्या श्रेणीत परतला. स्लोव्हाकियाला २०१० च्या विश्वचषकाची पात्रता मिळाली. दक्षिण आफ्रिकेतील त्या स्पर्धेत रॉबर्ट व्हिटेक यांच्या दोन गोलांच्या बळावर त्यांनी तत्कालीन विश्वविजेत्या इटलीला ३–२ असे हरवून स्पर्धेबाहेर काढले.

स्लोव्हाकियातील एकवीस वर्षांखालील सर्वोत्तम खेळाडूला देण्यात येणारा वार्षिक पुरस्कार पीटर दुबोव्स्की यांच्या नावाने ओळखला जातो.